कॅमेरा बसवला, किल्ली कोणाकडे?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. २१ ऑगस्ट २०२४ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. शाळांनी एक महिन्याच्या आत मोक्याच्या जागी पुरेसे सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासावे, आक्षेपार्ह काही दिसल्यास पोलिसांना कळवावे, आणि जी शाळा हे करणार नाही तिच्यावर कारवाई व्हावी, असे त्यात सांगितले होते. जुलै २०२५ मध्ये सीबीएसईनेही आपल्याशी संलग्न शाळांना आदेश दिला: कॅमेऱ्यांनी चित्राबरोबर आवाजही टिपावा आणि किमान १५ दिवसांचे चित्रण जपून ठेवावे.

या दोन आदेशांच्या मधल्या काळात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, गुजरातेतून एक बातमी आली. राजकोटच्या एका प्रसूतिगृहात तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांचे चित्रण इंटरनेटवर विकले जात होते. हे चित्रण रुग्णालयाच्याच सुरक्षा कॅमेऱ्यांचे होते. अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने ज्यांना पकडले, त्यांत महाराष्ट्रातल्या लातूरचा आणि आपल्या शेजारच्या सांगलीचा तरुण होता. पुढे तपासाच्या ज्या बातम्या आल्या त्यांत देशभरातील सुमारे ८० ठिकाणच्या कॅमेरा-यंत्रणा आणि सुमारे ५०,००० चित्रफिती असा आकडा होता. त्या ठिकाणांत रुग्णालयांबरोबर शाळाही होत्या. आत शिरण्यासाठी फार मोठी विद्या लागली नव्हती. राजकोटच्या यंत्रणेचा परवलीचा शब्द ‘अॅडमिन१२३’ होता, असे या बातम्यांत म्हटले होते.

सुरक्षिततेसाठी बसवलेले यंत्रच इजेचे साधन कसे झाले? हा प्रश्न शिक्षकांनी समजून घेण्यासारखा आहे. एक तर आपल्या शाळेच्या भिंतीवर तेच यंत्र आहे. दुसरे म्हणजे, त्यामागचे गणित आठवीच्या वर्गात शिकवता येण्याइतके सोपे आहे. आणि तिसरे, या विषयावर शासन, विक्रेते आणि आपण सारे जे बोलतो त्यात एक मोठी उणीव आहे. आपण कॅमेरे मोजतो, किल्ल्या मोजत नाही.

‘बंद’ परिपथ आता उघडा आहे

सीसीटीव्ही या नावातील पहिल्या दोन ‘सी’चा अर्थ ‘बंद परिपथ’. जुन्या यंत्रणेत कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत एक तार जाई. चित्र पाहायचे तर त्या खोलीतच जावे लागे. खोलीला कुलूप लावले की काम झाले.

आजचा कॅमेरा तसा नाही. त्याच्या पोटात एक छोटा संगणक असतो. त्याला नेटवर्कवरचा स्वतःचा पत्ता असतो. तो चित्रे रेकॉर्डरकडे पाठवतो, आणि रेकॉर्डर बहुतेक ठिकाणी राऊटरमार्फत इंटरनेटला जोडलेला असतो, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांना घरबसल्या मोबाईलवर शाळा दिसते. नाव बंद परिपथाचेच राहिले, पण परिपथ उघडला. जी वाट अध्यक्षांना आत आणते त्याच वाटेने दुसरा कोणीही दारापर्यंत येऊ शकतो. आता सारी भिस्त दारावरच्या पहारेकऱ्यावर आहे. येणारा कोण आहे हे त्याने विचारले पाहिजे आणि उत्तर खरे की खोटे ते ओळखले पाहिजे. यालाच ‘ओळख पटवणे’ म्हणू या.

आपला ‘परवलीचा शब्द’ हा शब्दप्रयोग लष्करी छावणीतून आलेला आहे. रात्रीच्या अंधारात येणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून पहाऱ्यावरचा शिपाई ठरलेला शब्द विचारतो. या पद्धतीत तीन गोष्टी गृहीत आहेत. शब्द फक्त आपल्याच माणसांना माहीत असतो. तो अधूनमधून बदलतो. आणि शिपाई तो विचारल्याशिवाय कोणालाही सोडत नाही. नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांत या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी मोडलेल्या आढळल्या आहेत. एकेक पाहू.

पहिला दोष: सर्वांना एकच किल्ली

समजा, लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानाने हजार कुलुपे विकली आणि त्या हजारांना एकच किल्ली लागते. दुकानदार सांगतो, ‘‘घरी गेल्यावर किल्ली तेवढी बदलून घ्या.’’ किती जण बदलतील? कॅमेरे कित्येक वर्षे याच पद्धतीने विकले गेले. कारखान्यातून निघताना एका जातीच्या सर्व यंत्रांवर एकच नाव आणि एकच परवलीचा शब्द घातलेला असे, आणि तो माहितीपुस्तिकेत छापलेलाही असे.

यातून काय होते ते आकड्यांत पाहू. चार अंकी आकडा परवलीचा असेल तर शक्यता १०,०००. सेकंदाला एक अंदाज करून पाहिला तर सगळे संपायला पावणेतीन तास लागतात. सहा लहान इंग्रजी अक्षरांचा शब्द घेतला तर शक्यता २६ चा सहावा घात, म्हणजे ३०,८९,१५,७७६. त्याच वेगाने सुमारे दहा वर्षे लागतील. पण परवलीचा शब्द कारखान्यातलाच असेल तर हे गणितच लागू होत नाही. चोराला शक्यता मोजाव्या लागत नाहीत. त्याच्याजवळ यादी असते.

२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने हे जगाला दाखवून दिले. त्याच्यापाशी कारखान्यातल्या नावांच्या आणि शब्दांच्या सुमारे ६० जोड्यांची यादी होती. सेकंदाला एक या वेगाने एका मिनिटाचे काम. एवढ्या भांडवलावर त्याने कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर ताब्यात घेतले. त्याचा जोर सर्वांत जास्त होता तेव्हा ही संख्या सुमारे ६ लाखांवर गेली होती. या यंत्रांना एकाच वेळी एकाच पत्त्यावर विनंत्या पाठवायला लावून तो पत्ता बंद पाडता येई. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘डिन’ या अमेरिकी कंपनीवर असा हल्ला झाला. संकेतस्थळांची नावे पत्त्यांत बदलून देण्याचे काम ही कंपनी करत असे. परिणामी ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी स्थळे अनेकांना काही तास उघडेनात. मिराई तयार करणारे तीन विशीतले अमेरिकी तरुण होते. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केल्याचे जाहीर झाले.

‘‘आमच्या शाळेचे अंगण पाहून कोणाला काय मिळणार?’’ असे अनेक जण म्हणतात. मिराईला अंगणात रस नव्हताच. त्याला कॅमेऱ्याच्या पोटातला संगणक हवा होता. आणि राजकोटच्या प्रकरणाने हेही दाखवले की चित्रांनाही गिऱ्हाईक असते.

दुसरा दोष: भिंतीत चिणलेली किल्ली

मिराईच्या काळात एक आणखी विचित्र गोष्ट पुढे आली. काही मालकांनी परवलीचा शब्द बदलला होता, तरीही त्यांचे यंत्र ताब्यात गेले. याचे कारण यंत्राला दोन दारे होती. एक मालकाला पडद्यावर दिसणारे. दुसरे ‘टेलनेट’ या जुन्या पद्धतीचे, दुरुस्ती करणाऱ्यांसाठी ठेवलेले. पुढच्या दाराची किल्ली बदलता येत होती. मागच्या दाराची किल्ली यंत्राच्या मूळ आज्ञावलीतच लिहिलेली होती. ती बदलण्याची सोय मालकाला नव्हती, आणि असे दार आहे हेही त्याला माहीत नव्हते.

असे भाग पुरवणाऱ्यांत हांग्झो येथील शियाँगमाई ही कंपनी होती. तिने बनवलेले भाग कित्येक निरनिराळ्या नावांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने अमेरिकेत विकलेली काही उत्पादने परत घेण्याची घोषणा केली. यातून ग्राहकाने घ्यायचा धडा असा: डब्यावरचे नाव पाहून आतली आज्ञावली कोणाची हे कळत नाही. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन निराळ्या नावांच्या कॅमेऱ्यांचे पोट एकच असू शकते.

वर्गात करून पाहा

तिसऱ्या दोषाकडे जाण्यापूर्वी एक छोटा खेळ करू. तीन विद्यार्थी पुढे बोलवा. एक ‘कॅमेरा’, दुसरे ‘मुख्याध्यापक’ आणि तिसरा त्यांचे बोलणे ऐकणारा ‘चोर’. कॅमेरा डोळे मिटून उभा राहील आणि मुख्याध्यापक आपला आवाज बदलून बोलतील, म्हणजे आवाजावरून ओळख पटणार नाही.

पहिली फेरी. परवलीचा शब्द ‘रंकाळा’. मुख्याध्यापक तो मोठ्याने म्हणतात, कॅमेरा दार उघडतो. मग चोर तोच शब्द म्हणतो. त्यालाही दार उघडते. इंटरनेटवरून उघडा शब्द पाठवणे म्हणजे हेच.

दुसरी फेरी. शब्द जसाच्या तसा न म्हणता, प्रत्येक अक्षराऐवजी ठरलेला आकडा म्हणायचा. ऐकायला गूढ वाटते. पण चोराला आकडे समजण्याची गरजच नाही. तो तेच आकडे पुन्हा म्हणतो आणि आत जातो. शिवाय अक्षरांचा तक्ता सर्वांना ठाऊक असेल तर मूळ शब्दही त्याला कळतो. कित्येक कॅमेऱ्यांत वापरली गेलेली ‘बेसिक’ नावाची पद्धत नेमकी अशी आहे. ती शब्दाची लिपी बदलते, शब्द लपवत नाही. मोडीत लिहिलेले पत्र म्हणजे गुप्त पत्र नव्हे.

तिसरी फेरी. आता कॅमेरा आणि मुख्याध्यापक यांना एक गुप्त संख्या माहीत आहे: ३७. ही संख्या कोणीही उच्चारायची नाही. कॅमेरा दर वेळी नवी संख्या सांगतो. मुख्याध्यापक तिला ३७ ने गुणून गुणाकाराचे शेवटचे दोन अंक सांगतात. कॅमेरा म्हणतो ५२; ५२ × ३७ = १९२४; उत्तर २४. पुढच्या वेळी कॅमेरा म्हणतो ६१, गुणाकार २२५७, उत्तर ५७. चोराने कालचे २४ आज म्हटले तर कॅमेरा त्याला हाकलून देतो. गुपित एकदाही बोलले गेले नाही, तरीही ओळख पटली!

इथे थांबू नका. हुशार विद्यार्थ्यांना चोराच्या बाजूने विचार करायला सांगा. ५२ या प्रश्नाला २४ उत्तर आले, तर गुपित काय असेल? ०० ते ९९ पर्यंत तपासून पाहिले तर १२, ३७, ६२ आणि ८७ या चारच संख्या बसतात. मग ६१ ला ५७ हे दुसरे उत्तर लावून पाहा. उरते फक्त ३७. दोनदा ऐकूनच चोराला गुपित सापडले! आपली पद्धत चांगली होती, पण आपले गणित उलटे करता येण्याजोगे होते.

म्हणून खऱ्या यंत्रांत असे गणित वापरतात की जे एका दिशेने सोपे आणि उलट दिशेने जवळजवळ अशक्य असते. गुऱ्हाळात उसाचा रस काढता येतो. रस आणि चिपाड यांचा पुन्हा ऊस करता येत नाही. परवलीच्या शब्दाचा असा जो ‘रस’ निघतो त्यावरून मूळ शब्द काढता येत नाही. पण एक पळवाट राहतेच. गुपित चार अंकी असेल तर चोर घरी बसून दहा हजार आकड्यांचा रस काढून पाहील आणि ऐकलेल्या उत्तराशी जुळवेल. संगणकाला याला क्षणभर लागतो. तात्पर्य, चांगली पद्धत दुबळ्या शब्दाला वाचवू शकत नाही आणि चांगला शब्द दुबळ्या पद्धतीला वाचवू शकत नाही. दोन्ही हवेत.

तिसरा दोष: पहारेकरी विचारतच नाही

आता २०१७ सालच्या दोन घटना समजायला सोप्या जातील. दोन्ही जगातल्या सर्वांत मोठ्या कॅमेरा-उत्पादकांच्या आहेत.

दाहुआ या कंपनीच्या काही यंत्रांत परवलीचे शब्द उघडे ठेवलेले नव्हते; त्यांचा ‘रस’ साठवलेला होता. हे योग्यच. पण दोन चुका होत्या. ज्या फाईलीत हा रस होता ती बाहेरच्या माणसाला मिळवता येत होती. आणि यंत्र मूळ शब्दाऐवजी रसच पुरावा म्हणून स्वीकारत होते. मग शब्द कितीही लांब असो, त्याचा उपयोग काय? ज्याच्या हाती रस, त्याच्या हाती दार.

हिकव्हिजन या कंपनीच्या कित्येक कॅमेऱ्यांत याहून साधी चूक होती. विनंतीत एक ठरावीक मजकूर असला की कॅमेरा परवलीचा शब्द न विचारताच ती पुरी करायचा. अमेरिकी शासनाच्या औद्योगिक संगणक सुरक्षा विभागाने मे २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला आणि दोषाच्या गांभीर्याला १० पैकी १० गुण दिले. त्याआधीच कंपनीने सुधारित आज्ञावली दिली होती. पण ती प्रत्येक कॅमेऱ्यात घालायची कोणी? सप्टेंबर २०२१ मध्ये याच कंपनीच्या यंत्रांत नवा दोष सापडला. त्यात परवलीचा शब्द नसतानाही यंत्राला हुकूम देता येत होते. सुधारणा लगेच उपलब्ध झाली. तरी ऑगस्ट २०२२ मध्ये, जवळजवळ वर्षभराने, एका सुरक्षा-संस्थेला ती न घातलेले ८० हजारांहून अधिक कॅमेरे इंटरनेटवर उघडे आढळले.

यातली एकही घटना मालकाच्या निष्काळजीपणाने घडलेली नाही. मालकाने कितीही कठीण शब्द ठेवला असता तरी पहारेकरी तो विचारतच नव्हता.

दोष कोणाचा?

अशी बातमी आली की वर्तमानपत्रांतून आणि भाषणांतून एकच उपदेश ऐकू येतो: परवलीचा शब्द बदला, अवघड ठेवा. उपदेश खोटा नाही, पण अपुरा आहे. त्यात सारा दोष वापरणाऱ्याच्या माथी जातो. वरच्या तीन दोषांपैकी एकच, तोही अर्धाच, वापरणाऱ्याच्या हातात आहे. पहिल्या दोषाचा दुसरा अर्धा भाग कारखान्याचा आहे. पहिल्यांदा सुरू करताना नवा शब्द घेतल्याशिवाय चालूच होणार नाही असे यंत्र बनवणे अवघड नव्हते. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर अर्धा तास दार बंद करणे हेही अवघड नव्हते. एवढ्याने काय फरक पडतो पाहा: तासाला दहा प्रयत्न, दिवसाला २४०. चार अंकी आकड्याच्या सगळ्या शक्यता तपासायला पावणेतीन तासांऐवजी सुमारे ४२ दिवस लागतील.

हे ओळखून काही ठिकाणी कायदे झाले. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच शब्द घालून विकण्यास मनाई आहे. भारतात केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ९ एप्रिल २०२४ रोजी अधिसूचना काढून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी घातल्या. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून घेणे त्यात आले. या अटी ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. हे पाऊल चांगले आहे. पण कायदा बाजारातल्या नव्या कॅमेऱ्याला लागू होतो. जो कॅमेरा आधीच व्हरांड्यात लटकतो आहे, त्याच्यापर्यंत तो पोचत नाही. २०२४ च्या शासन निर्णयानंतर महिन्याभरात घाईने घेतलेले कॅमेरे याच दुसऱ्या गटातले आहेत.

आणि नव्या यंत्राने शब्द बदलायला लावले तरी एक फट उरते. शब्द बहुधा बसवणारा माणूस ठरवतो. त्याला गावोगावच्या पन्नास ठिकाणांची देखभाल करायची असते. लक्षात राहावा म्हणून तो सगळीकडे एकच शब्द ठेवील, किंवा शाळेच्या नावापुढे १२३ जोडील. कारखान्याची एक किल्ली गेली आणि तालुक्याची एक किल्ली आली!

शासन निर्णयाकडे पुन्हा

आता २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाकडे या नजरेने पाहू. कॅमेरे असावेत ही त्यामागची भावना योग्य आहे. लहान मूल स्वतःवर गुदरलेला प्रसंग नीट सांगू शकत नाही. तिथे चित्रणाचा आधार मोलाचा असतो. प्रस्तुत लेखाचा रोख कॅमेऱ्याविरुद्ध नाही.

रोख आहे तो भर कशावर दिला जातो यावर. महिन्याच्या आत बसवा, पुरेसे बसवा, आठवड्यातून तीनदा पाहा: हा सारा भर ‘पाहण्या’वर आहे. कोणी पाहू नये, याची व्यवस्था कशी करायची हा प्रश्न तितक्याच जोराने विचारलेला नाही. तपासणीला आलेला अधिकारी काय पाहतो? कॅमेरे किती, चालू आहेत का, चित्र दिसते का. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असूनही तीच चित्रे दुसऱ्या जिल्ह्यात कोणाच्या तरी मोबाईलवर दिसत असतील, आणि अहवालात त्याचा पत्ताही लागणार नाही.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा. बदलापूरच्या शाळेतील १५ दिवसांचे चित्रण उपलब्ध नसल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितले होते. तेथे काय घडले हा तपासाचा विषय आहे, त्यात आपण शिरू नये. पण सर्व शाळांना लागू पडणारा प्रश्न त्यातून निघतो. मुख्याध्यापक, लिपिक, दोन विश्वस्त आणि कॅमेरे बसवणारा असे पाच जण ‘अॅडमिन’ या एकाच नावाने आत जात असतील, तर उद्या चित्रण पुसले गेल्यावर ते कोणी पुसले हे यंत्र सांगू शकेल का? नोंदवहीत पाचही वेळा एकच नाव असेल. ओळख पटवणे म्हणजे केवळ चोराला अडवणे नव्हे. आत आलेल्या प्रत्येक माणसाच्या नावावर त्याचे कृत्य लिहिणे हेही त्यात येते. मुलांच्या बाजूने पाहिले तर हा दुसरा उपयोग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

शाळेने काय करावे?

सर्वांत आधी विचारायचा प्रश्न तांत्रिक नाही: आपल्या कॅमेऱ्यांना इंटरनेट हवे कशाला? मुख्याध्यापकांनी आठवड्यातून तीनदा चित्रण पाहायचे, तर ते कार्यालयातल्या पडद्यावर पाहता येते. रेकॉर्डर कुलूपबंद कपाटात ठेवला आणि राऊटरची तार काढली, की परिपथ पुन्हा खऱ्या अर्थाने बंद होतो. बाहेरून येणारी वाटच उरत नाही. शाहूवाडी किंवा गगनबावड्यातल्या ज्या शाळेत इंटरनेट धड चालत नाही, ती शाळा या बाबतीत शहरातल्या शाळेपेक्षा सुरक्षित असू शकते.

इंटरनेट हवेच असेल तर बसवणाऱ्याला पुढील प्रश्न लेखी विचारावेत. परवलीचा शब्द बसवणाऱ्याने ठेवलेला आहे का? असल्यास आमच्या समोर बदला. प्रत्येक माणसाला वेगळे नाव देता येते का, आणि चित्रण पुसण्याचा अधिकार एकालाच ठेवता येतो का? चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा आहे का? आज्ञावलीची शेवटची सुधारणा कोणत्या तारखेची, आणि पुढच्या सुधारणा कोण घालणार? टेलनेटसारखी दुसरी दारे बंद केली आहेत का? देखभालीचा करार संपल्यावर किंवा एखादा कर्मचारी बदलून गेल्यावर त्याचे नाव कोण काढणार? जो विक्रेता या प्रश्नांवर ‘‘काही होत नाही सर, सगळीकडे असेच आहे’’ असे उत्तर देईल, त्याच्याकडून खरेदी करू नये.

परवलीचा शब्द लांब असावा. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले तरी चालतात; लक्षात ठेवायला सोपे आणि अंदाज करायला अवघड. शाळेचे नाव, स्थापनेचे वर्ष, पिनकोड टाळावेत. आणि तो शब्द रेकॉर्डरवर चिकटवून ठेवू नये.

विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना एक ताकीद मात्र द्यावी. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर ‘करून पाहणे’ हा प्रयोग नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे तो गुन्हा आहे, मग दार उघडे का असेना. सांगली आणि लातूरचे जे तरुण पकडले गेले, तेही कोणत्या ना कोणत्या शाळेत शिकलेले असणार. संगणक चालवायला आपण मुलांना शिकवतो. पडद्यावर दिसणारा माणूस खरा माणूस आहे, हे त्याच तासाला सांगायला हवे.

शिक्षण विभागाकडे मागणी करायची तर ती लहानशीच आहे. शाळा तपासणीच्या नमुन्यात कॅमेऱ्यांच्या संख्येच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने असावेत: ‘चित्रण पाहण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तींची नावे’, ‘परवलीचा शब्द शेवटचा बदलल्याची तारीख’ आणि ‘इंटरनेटशी जोडणी: आहे की नाही, असल्यास कारण’. हे रकाने भरायला पैसे लागत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत तेच तीन प्रश्न विचारायला शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचीही गरज नाही.